दवाखान्यात जायचा शर्ट

सोम्या,

तुझ्या खोलीच्या दारामागे तो आकाशी शर्ट अजून हँगरवर आहे. कॉलर ताठ, बाह्यांवर इस्त्रीची रेघ. ताईनं तुझी चादर धुतली, बूट पिशवीत भरले, कॉफीचा मग, चार्जर, बिस्किटांचे अर्धवट पुडे सगळं आवरलं, पण शर्टाला हात लावला नाही. मीही लावला नाही. दार जोरात उघडलं की हँगर भिंतीवर आपटतो, म्हणून आम्ही ते हळू उघडतो.

मला रडू आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुला आवडलं असतं म्हणा, मामाला धाय मोकलून रडताना बघायला. तुझा बाबा रडतो, तुझी आई, माझी ताई, रडते, नागपूरहून तुझी आजी व्हिडिओ कॉलवर रडते आणि नेटवर्क गेलं की तशीच अडकून राहते. मी चहा करतो. ऑफिसनं मला सुट्टी दिली होती, तरी मी लॉग इन करून बसलो. मॅनेजर म्हणाली, तुला हवा तेवढा वेळ घे. मी थँक्यू म्हणालो आणि एक मीटिंग ठेवली. कुणी तरी माझ्या आतली वायर काढून ठेवल्यासारखं झालंय. स्वयंपाकघरात उभा असलो की कशासाठी आलो होतो ते आठवत नाही, मग पुन्हा चहाच करतो.

तुझं खरं नाव कोजो. घानाच्या लोकांत सोमवारी जन्मलेल्या मुलाचं हे नाव, तुझ्या बाबानं हौसेनं ठेवलेलं. नागपूरला तुझ्या आजीनं फोनवर अर्थ ऐकला आणि म्हणाली, "म्हणजे सोम्याच झाला ना बाप्पा! मंग सरळ सोम्या म्हना ना." झालं. वडिलांकडच्या सगळ्यांचा तू कोजो आणि आमचा सोम्या. मी लंडनला बँकेच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलो आणि घर मिळेपर्यंत म्हणून वेम्बलीला ताईच्या घरातल्या चिमुकल्या बॉक्स रूममध्ये पथारी टाकली, तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. मला दारातून नीट निरखून विचारलंस, "मामा, तू किती दिवस राहून राहिला?" ताईनं शिकवलेली नागपुरी आणि त्यावर लंडनची चाल. मी म्हटलं, "बे, बॅग तर आत घेऊ दे." घर काही मला मिळालं नाही, म्हणजे मी शोधलंच नाही.

सिकलसेल म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं माणूस कळवळतो. नागपूरकडे आमच्या वस्तीत घरटी कुणी ना कुणी होतं. माझ्यात अर्धा दोष आहे, ताईमध्येही आहे. आणि घानाहून आलेल्या तुझ्या बाबातही तो अर्धा होता, दोन अर्धे मिळून तुझा पूर्ण आजार. ताई सकाळच्या ड्युटीला ज्या बसनं जायची ती हा माणूस चालवायचा. एवढ्या मोठ्या शहरात ती नेमकी त्याच्याच बसमध्ये का चढली, असं तू एकदा चिडून विचारलं होतंस. ताई म्हणाली होती, "कारण दुसरी बस लेट होती." तू त्यावर इतका हसलास की चिडणं राहूनच गेलं.

तुझं दुखणं मी पहिल्यांदा पाहिलं ते मी आलो त्याच हिवाळ्यात. तू जिन्यात बसला होतास, गुडघे पोटाशी, दात घट्ट आवळलेले. मी गाडीची किल्ली शोधत घरभर धावत होतो. आणि ताई, स्वतः नर्स असलेली बाई, शांतपणे तुझे हात शर्टाच्या बाह्यांत घालत होती. मी ओरडलो, "ताई, त्याला दवाखान्यात न्यायचंय का लग्नात?"

ती बटणं लावत राहिली. "तू गप राह्य. हूडीत गेला की बाहेर बसवून ठेवतात. शर्टात गेला की विचारतात तरी."

तिला कोण काय सांगणार? ती आतली होती. स्टाफ रूममध्ये चहा पिताना कोण काय बोलतं, हे तिच्या कानांनी ऐकलेलं होतं. उंच, काळा पोरगा हूडी घालून येतो, मॉर्फीन मागतो, औषधाचा डोससुद्धा त्याला पाठ असतो, की नशेखोर समजून काहींच्या भुवया वर जातात. पाठ असतो कारण लहानपणापासून तेच घेत आलाय, हे त्या घटकेला त्यांना सुचत नाही. म्हणून तो शर्ट. म्हणून गळ्यात शाळेचं ओळखपत्र. म्हणून तो आवाज, ज्याला आपण घरात साहेबाचा आवाज म्हणायचो. "गुड आफ्टरनून. आय हॅव सिकल सेल डिसीज. आय अ‍ॅम सो सॉरी टु बॉदर यू." बरा असलास की तू आरशासमोर उभा राहून तो घोटायचास आणि मी मागून टाळ्या वाजवायचो. तेव्हा ती गंमत होती.

मग ते कोविडचं वर्ष आलं. तुला शील्डिंगचं पत्र आलं, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तुझी आई वॉर्डात, तुझा बाबा बसवर. घरातली दोन माणसं नेमकी तिथं जायची जिथून आजार यायचा. ती दोघं खाली फ्रंट रूममध्ये झोपायची आणि वरचा मजला तुझा नि माझा. तुझ्या बाबाच्या डेपोतले ड्रायव्हर जायला लागले. तो घरात कुणाचं नाव घ्यायचा नाही, पण अंत्यविधी ऑनलाइन दाखवायचे, ते तू चोरून बघायचास. बरेच चेहरे तुमच्यासारखे, काही माझ्यासारखे. तू विचारलंस, "मामा, हा आजार लोक निवडून राहिला का?" मी ऑफिसच्या कॉलवर होतो. म्यूट केलं आणि दाटीवाटीची घरं, बाहेर जाऊन करायच्या नोकऱ्या, असं काहीतरी समजावलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हणजे हो."

दर गुरुवारी सगळा रस्ता नर्स-डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवायचा. ताई त्याच वेळी ड्युटीवरून येत असली तर शेजारी जरा जास्तच जोर लावायचे. तू वरच्या खिडकीतून बघायचास. "ही टाळी आईच्या युनिफॉर्मला आहे," तू म्हणालास. "युनिफॉर्म काढला की परत कोण बघते?" सोळा वर्षांच्या पोरानं एवढं कडू बोलू नये असं मला वाटलं. खोटं आहे असं मात्र म्हणता आलं नाही.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेलेल्या त्या काळ्या माणसाचा व्हिडिओ आला. जगानं पाहिला, पण तू तो परत परत पाहिलास. दुखणं छातीत शिरलं की श्वास कसा तुटतो, हे तुला स्वतःच्या शरीरातून माहीत होतं. मी फोन काढून घेतला तर म्हणालास, "डोळे बंद केले तरी दिसून राहिलं, मंग फोन काऊन घेऊन राहिला?"

तुझे मित्र त्या माणसासाठी निघालेल्या मोर्चाला गेले. तुला जाता येणार नव्हतं. सकाळपासून तू कुणाशी बोलला नाहीस, म्हणून मीच म्हटलं, चल, आपला आपण काढू. आठवतो तो मोर्चा? मागच्या अंगणात, शेडपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत आणि दोरीपासून परत शेडपर्यंत. पुढे तू पुठ्ठा घेऊन, मागे अंतर ठेवून मी. घोषणा हवी म्हणालास तर मी आमच्या कॉलेजातली दिली, "कोण म्हणतो देत नाही, घेतल्याशिवाय राहत नाही!" तुझ्या तोंडी ती एखाद्या रॅपसारखी यायची. शेजारच्या गुजराती काकी कुंपणावरून डोकावल्या. "बधुं बराबर छे ने?" तू म्हणालास, "येस आंटी. प्रोटेस्ट." त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं कुंपणावर थेपल्यांचा डबा ठेवून गेल्या. आंदोलकांना अल्पोपहार, मी म्हटलं. त्या दिवशी तू पोट धरून हसलास. मला तो दिवस आठवतो तेव्हाही आत काही हलत नाही, पण तो आठवतो एवढं खरं.

नंतर तू हळूहळू बंद होत गेलास. परीक्षा रद्द झाल्या आणि शिक्षकांच्या अंदाजावर ग्रेड मिळाल्या. तुझ्याबद्दलचा त्यांचा अंदाज तुझ्या आधीच्या मार्कांपेक्षा खाली निघाला. तू भांडला नाहीस, आणि मला त्याचीच भीती वाटली. दुपारपर्यंत झोपायचास. जेवणाचं ताट दाराशी ठेवलं तर अर्धं परत यायचं. कसा आहेस विचारलं की "फाइन". जीपीनं, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरनं, तरुण मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेकडे नाव पाठवलं आणि आपण रांगेत थांबलो. खूप थांबलो. शेवटी फोन आला तर त्या बाईंनी सुरुवातच अशी केली, ड्रग्ज घेतोस का? घरी मारहाण होते का? कुठल्या गँगशी संबंध आहे का? तू साहेबाच्या आवाजात सगळी उत्तरं दिलीस, फोन ठेवलास आणि मला म्हणालास, "तिथं पण शर्ट घालावा लागते."

तुझ्या बाबाला तर तो फोनही नको होता. त्याच्या चुलतभावाचं डोकं एकदा असंच बिघडलं होतं, तेव्हा घरी डॉक्टरच्या आधी पोलीस आले होते. "टु अवर डोअर दे डोन्ट सेंड अ डॉक्टर, माय ब्रदर," तो मला म्हणाला. "दे सेंड अ व्हॅन." मला तेव्हा वाटलं, भाऊजी जरा वाढवून सांगतात. मग तुझ्याबरोबर रस्त्यानं चालायला लागलो, पोलिसांची नजर तुझ्यावर कशी थांबते ते पाहिलं आणि तसं वाटणं बंद झालं.

हार्ल्सडेनच्या चर्च हॉलमधला शनिवारचा मन मोकळं करायचा ग्रुप तुझा तूच शोधलास, त्याचं श्रेय कुणी घेऊ नये. सगळी तुझ्यासारखी काळी मुलंमुली, गोलात खुर्च्या, कुणीतरी आणलेला भात. मी बाहेर गाडीत बसून राहायचो. आतलं तू सांगायचा नाहीस. एकदाच सांगितलंस, सीटबेल्ट लावता लावता. "आज मी शर्टचं बोललो. सगळे हसले. सगळ्यांकडे एक शर्ट आहे, मामा." एका मुलीकडे इंटरव्ह्यूला जाताना घालायचा सरळ केसांचा विग होता. एका मुलाला दुकानात शिरताना हात खिशाबाहेर ठेवायची इतकी सवय झाली होती की तो घरातही तसाच चालायचा. तू सांगत होतास आणि तुझा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. त्या ग्रुपनं तुला परत आणलं. औषधानं नाही, मी तर नाहीच नाही. नंतर तू परीक्षा दिल्यास, गणिताला युनिव्हर्सिटीत गेलास, दाढी ठेवलीस आणि ती वाईट दिसत होती.

आणि मग आपला वाद सुरू झाला. तो अजून संपलेला नाही, म्हणून मी इथंच पुढे चालवतो.

तू म्हणायचास, शर्ट बंद. मी म्हणायचो, वेडा आहेस का? मी तुला तुझ्या आजोबांचं सांगायचो. नागपूरच्या ऑफिसात शिपाई होते. घरी इस्त्री नव्हती, तर तांब्यात निखारे भरून शर्टावर फिरवायचे. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे ना, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, लोक आपली जात बघायच्या आधी आपले कपडे दिसले पाहिजेत. त्याच इस्त्रीवर मी शिकलो, ताई शिकली. मी हे सांगताना माझा ऊर भरून यायचा.

तू शांतपणे ऐकलंस आणि विचारलंस, "मंग आजोबाला ऑफिसात सगळ्यांच्या ग्लासात पाणी भेटलं का?"

मला माहीत होतं की नाही. त्यांचा ग्लास खिडकीत वेगळा असायचा. मी म्हटलं, "तो काळ वेगळा होता."

मग तू जे बोललास ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. "मामा, ते औषध शर्टला देऊन राहिले. मी कुठं आहे त्याच्यात? मला खरं दुखते, आणि तेव्हाच मला अ‍ॅक्टिंग करावी लागते. जास्त ओरडलो तर ड्रामा, नाही ओरडलो तर दुखत नसेल. मंग कधी कधी मलाच वाटते, मी अ‍ॅक्टिंगच करून राहिलो. दुखतच नसेल मला." असं बोलून तू टोस्टला लोणी लावायला लागलास. दुखणं तर होतंच, पण आपलं दुखणं खरं आहे की नाही हीच शंका ज्यांनी तुझ्या मनात घातली, त्यांच्यावर मी कधी तरी भयंकर चिडायला हवं. सध्या चिडायचीही ताकद नाही.

तुला आईचा राग होता तोही याच बाबतीत. हॅरोच्या शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. स्टॅनमोरहून आलेल्या एका बाईंनी तुला बघून, तुझ्या आजाराचं ऐकून, प्रेमानंच ताईला विचारलं, "अहो, हा आजार त्यांच्या लोकांत फार असतो ना? तुम्हाला बिचाऱ्यांना उगाच भोगावं लागतं." ताई चिवड्याची प्लेट धरून उभी राहिली. घरी जाताना गाडीत तू विचारलंस, "आई, तू काऊन नाही बोलली? अर्धा तर तुझ्याकडून आहे." ताईनं बाहेर बघत सांगितलं की नागपूरचं सिकलसेल म्हटलं की पुढचा प्रश्न वस्तीचा येतो, मग आडनावाचा, आणि पुढच्या कार्यक्रमाला कुणी जागा धरून ठेवत नाही. तू म्हणालास, "म्हणजे बाबानं ब्लॅक दिसायचं आणि तू त्याच्या मागं लपायचं." तुझा बाबा गाडी चालवत होता. त्याला मराठी येत नाही, पण आवाज कळतात. त्यानं रेडिओ लावला.

तू बरोबर होतास, सोम्या. पण तिचं गप्प बसणं हा तिचा इस्त्रीचा शर्ट होता, एवढं मला तुला सांगायचं होतं. जे आपण चालताना, खाताना, आडनाव सांगताना जपायला शिकतो, ते एका संध्याकाळी अंगावरून उतरत नाही. हे मी तुला सांगणार होतो. तू कानांत हेडफोन घालून वर गेलास आणि मी म्हटलं, सांगू कधीतरी.

तो दिवस. दुपारी तू युनिव्हर्सिटीतून आलास तेव्हाच चेहरा उतरलेला होता. पाठ, मग छाती. ताई गाडी घेऊन ड्युटीवर, भाऊजी बसवर. मी टॅक्सी बोलावली आणि सवयीनं शर्ट काढून आणला. तू दाराच्या चौकटीला टेकून उभा होतास, अंगात ती करडी हूडी, कोपरावर फाटलेली.

"आज नाही," तू म्हणालास.

"सोम्या, ही काय वाद घालायची वेळ आहे?"

"हीच वेळ आहे, मामा." श्वास घेऊन परत, "मला एकदा बघू दे. मी गेलो तर काय करतात."

मी शर्ट परत टांगला. मनात तुला शिव्या घातल्या. टॅक्सीत माझं ऑफिसचं ओळखपत्र तरी गळ्यात घालून घेतलं, म्हणजे तुझ्यासाठी नाही तर माझ्यासाठी तरी आपल्याशी नीट बोलतील. तू ते बघितलंस आणि दुखत असूनही हसलास.

आणि मग तसं काहीच झालं नाही ज्याची मी तयारी केली होती. काउंटरमागची नर्स उठून बाहेर आली. साहेबाचा आवाज तुला काढावाच लागला नाही. तू नुसतं "सिकल" म्हणालास, छातीवर हात ठेवलास, आणि तिनं खुर्ची ओढली. तिनं तुला विचारलं, मला नाही, की नेहमीपेक्षा वेगळं दुखतंय का. तू हो म्हणालास. तिनं मान हलवली आणि विश्वास ठेवला. औषध वेळेत आलं. ऑक्सिजन आला. डॉक्टर आली, तिनंही तुझ्याकडेच बघून सगळं समजावलं. कुणीही चुकलं नाही. त्यानंतरच्या दिवसांत आयसीयूतसुद्धा कुणीही चुकलं नाही. तुझी छातीच त्या वाकड्या, अडकलेल्या पेशींनी भरत गेली आणि ती रिकामी करता आली नाही. मला कुणाचं नाव घेऊन ओरडता येत नाही. एवढी वर्षं मी ज्या रागाला धार लावत बसलो होतो तो वापरायला जागाच मिळाली नाही.

तुझ्या अंत्यविधीला बाबाकडचे लोक काळ्या-लाल कपड्यांत आले, आपले पांढऱ्या. ढोल वाजले, मग वंदना झाली. तुझा ग्रुप शेवटच्या रांगेत सगळा हूडी घालून उभा होता. मंडळातल्या बायका स्टीलच्या डब्यांत पोळीभाजी घेऊन घरी आल्या. त्या स्टॅनमोरच्या बाई हळूच म्हणाल्या, त्यांच्या रक्तातच असतं हो ते. ताई म्हणाली, "माझ्याही. आमच्या वस्तीत घरोघरी आहे." बाईंनी डबा टेबलावर ठेवला. ताईनं तो उघडून सगळ्यांना वाढलं. तुला बघायचं होतं ते हे, पण तू नव्हतास, आणि मला अभिमान वाटायला हवा होता, तर मी ताटं मोजत होतो.

तुला सांगायच्या गोष्टींची गर्दी झालीय. त्यातली एक मी अजून ताईलाही सांगितलेली नाही.

त्या संध्याकाळी औषध चढल्यावर तू पलंगावर आडवा झालास. आधी प्रत्येक वेळी तू दवाखान्यात ताठ बसून राहायचास, कुणी आत आलं की थँक्यू म्हणायचास, डोळे मिटायचे टाळायचास, कारण झोपलास तर त्यांना वाटेल की फार दुखत नसावं. त्या दिवशी तू हूडीची टोपी डोळ्यांवर ओढलीस आणि म्हणालास, "मी झोपून राहिलो. तूच बोल त्यांच्याशी." आणि खरंच झोपलास. तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर, चक्क घोरायला लागलास. नर्स येऊन ड्रिप बघून गेली आणि तुला उठवलं नाही. कुणाला काही पटवून द्यायचं उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तू नुसता आजारी होतास, दुसऱ्या कुणाही पोरासारखा. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तुझ्याकडे बघत होतो आणि मला फार, फार आनंद झाला होता, सोम्या. त्यानंतर मला अजून काहीच वाटलेलं नाही.